पांढरा कोट, माकडटोपी आणि मंगळवेढ्याचा रस्ता

परवा नातवाने विचारलं, "आजी, हिवाळ्यात सायकलवर लांब जायचं तर काय घालावं?" त्याच्या मोबाइलवर एका घट्ट, चकचकीत पँटचा फोटो होता आणि खाली किंमत. तेवढ्या पैशांत आमच्या वेळी दोन-तीन सायकली आल्या असत्या, वर घंटी आणि दिवा. मी म्हटलं, "घरात आहे ते घाल." त्याला वाटलं, आजी कंजूष आहे. आहेच. पण या विषयात बोलायचा मला अधिकार आहे. शहात्तर सालच्या डिसेंबरात मी आणि माझी नणंद कुसुम सोलापूरहून मंगळवेढ्याला सायकलवर जाऊन आलो, तेही घरातल्या रोजच्या कपड्यांत. तुम्हाला हा रस्ता करायचा असेल तर जरूर करा. कपड्यांच्या बाबतीत मात्र पुढचं सगळं वाचून मगच काय ते ठरवा.

माझं लग्न होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. माहेरहून मी माझी हिरवी लेडीज सायकल आणली होती आणि तिच्यावरून शाळेत शिकवायला जायची. सासूबाईंना आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई स्वतः सायकलच्या विरोधात नव्हत्या, त्या कशाच्याच विरोधात नसत. विरोधात होती त्यांची थोरली बहीण, ह्यांची मंगळवेढ्याची मावशी. ही आक्का वर्षातून एक पत्र पाठवायची आणि आमच्या घरात ते वर्षभर पुरायचं. त्या वर्षीच्या पत्रात होतं, की सुंद्रे, तुझी सून सायकलवर हिंडते असं ऐकते, अंगावर काय घालते देव जाणे, भावकीत तोंड दाखवायला जागा ठेव.

पत्र वाचून झाल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "इकून टाकू सायकल. मंगळवार बाजारात गिऱ्हाईक मिळतंय."

मला राग आला की मी फार शहाण्यासारखं बोलते. मी म्हटलं, "मीच सायकलवर मंगळवेढ्याला जाते. मावशींना प्रत्यक्ष दाखवते, मी काय घालते ते. त्या बघून हो म्हणाल्या तर सायकल राहील." खरं सांगायचं तर मावशी हे निमित्त होतं. शाळा ते घर, घर ते शाळा करून मी कंटाळले होते. सायकल एकदा तरी गावाबाहेर, नुसती मजेसाठी पळवायची होती.

आत्याबाईंनी विचार केला. "जा की. मी कुटं अडवलंय? पर रोजच्या कापडात जायचं. सोंग करून गेलीस आन आक्का बोलली, तर आल्या मंगळवारी सायकल बाजारात."

कुसुम लगेच म्हणाली, "वहिनी, मी पण." ती कॉलेजात भूगोल शिकत होती आणि तिला कुठल्याशा प्रबंधिकेसाठी गावांची माहिती हवी होती. तिच्यासाठी दिवसाला दोन रुपये भाड्याने एक सायकल मिळाली. तिची सीट दर अर्ध्या तासाने मान टाकायची.

शनिवारी पहाटे निघायचं होतं. आम्हा सोलापूरकरांना थंडीची सवय नाही, ती आली की आम्ही घरात पाहुणा आल्यासारखे गोंधळतो. त्या दिवशी तर आभाळ भरलेलं आणि वारा बोचरा. मी नेहमीची सुती साडी नेसले, अंगणात आले आणि परत आत गेले. परकराच्या आत ह्यांचा पायजमा चढवला. पोलक्याच्या आत वर्तमानपत्राची दोन पानं घातली. ही युक्ती आजही लाख मोलाची आहे, वारा अजिबात आत येत नाही, फक्त वाकलं की आवाज होतो. अंगठ्याच्या चपलेत मोजे जात नव्हते, म्हणून मोज्याचा अंगठा सुरीने वेगळा केला. तोंडाला आपला सोलापुरी टॉवेल. कुसुमने डोक्यात माकडटोपी घातली आणि कानावरून आणखी एक टॉवेल गुंडाळला. तिचे फक्त डोळे दिसत होते.

तरी मी कुडकुडत होतेच. तेव्हा आमच्या ह्यांनी खुंटीवरचा आपला पांढरा कोट माझ्या खांद्यावर टाकला. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. कोट जाड ड्रिलचा, आतून खाकी अस्तर, गुडघ्यापर्यंत, खिशापाशी ॲसिडने पडलेली तीन भोकं. मी म्हटलं, "आत्याबाई काय म्हणतील? रोजचे कपडे सांगितलेत." हे म्हणाले, "रोजचाच आहे की. माझ्या रोजचा." मला हे पटलं. पहाटे सहा वाजता माणसाला काहीही पटतं.

जकात नाका ओलांडला आणि रस्ता मोकळा झाला. डांबर एका गाडीपुरतं, समोरून ट्रक आला की कडेच्या फुफाट्यात उतरायचं. दोन्ही बाजूंना काळं रान, त्यात पुरुषभर उंचीची ज्वारी, झाड औषधाला नाही. मला इतका आनंद झाला होता की मी मोठ्याने गात होते. टॉवेलातून ते गाणं कसं ऐकू येत होतं ते कुसुमला विचारा. ती म्हणते, म्हैस अडकल्यासारखं.

तिऱ्ह्याला सीना नदीपाशी चहा घेतला. पंचवीस पैसे कप, गूळ घातलेला, हात शेकायला उत्तम. तिथे मंगळवेढ्याची एसटी थांबली होती आणि कंडक्टर शेजारीच चहा पीत उभा होता. कुसुमने वही काढली आणि हॉटेलवाल्याला विचारलं, "काका, गावात घरं किती?"

"असतील की तीन-चारशे. कशापायी?"

"नोंद करायची आहे. पुरुष किती असतील? आणि एका घरात साधारण लेकरं किती?"

हॉटेलवाल्याने आधी वहीकडे पाहिलं, मग माझ्या कोटाकडे, मग कॅरिअरला बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्याकडे. डब्यात कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी होती, पण ते त्याला काय ठाऊक. "बाई, मला दोनच हायेत," तो म्हणाला आणि चहाचे पैसे घ्यायला तयार होईना. कंडक्टरने कप अर्धा ठेवून घंटी वाजवली. एसटी धुरळा उडवत पुढे गेली. आम्ही हॉटेलवाल्याच्या चांगुलपणाचं कौतुक करत निघालो.

कामतीला पोचेपर्यंत माझा पायजमा घसरू लागला. वाचकहो, हे मनापासून सांगते: आत पायजमा घालणार असाल तर नाडीला दोन गाठी मारा. मी एका हाताने हँडल आणि एका हाताने अब्रू धरून गावात शिरले. गाव विचित्र शांत होतं. पारावर विडीचं अर्धवट थोटूक जळत होतं, पण विडी ओढणारा नव्हता. न्हाव्याच्या खुर्चीवर साबणाचा फेस सांडला होता. बायका दारातून बघत होत्या आणि आम्ही जवळ आलो की दार लावत होत्या. कुसुमने वहीत लिहिलं, "कामती. पुरुषांची संख्या अत्यल्प. कारण शोधणे."

बेगमपूरच्या अलीकडे तिची सायकल पंक्चर झाली. ढकलत नेली. गावात सायकलचं दुकान होतं, पाण्याच्या घमेल्यात ट्यूब अजून बुडबुडे काढत होती, पण दुकानदार गायब. बराच वेळ वाट पाहिली, हाका मारल्या, शेवटी त्याचंच सोल्युशन आणि पॅच घेऊन आम्ही स्वतः पंक्चर काढलं आणि पन्नास पैसे घमेल्याच्या काठावर ठेवले. यात दीड तास गेला. शेजारी भज्यांचं हॉटेल एक बाई चालवत होती. भजी चाळीस पैसे प्लेट, मिरचीसकट, पुन्हा तशी मिळाली नाहीत. भजी देताना ती हळूच म्हणाली, "आमच्या मालकाचं झालंय हो, मागच्या म्हैन्यात. कागद दावू का?"

"कसला कागद?"

तिने डब्यातून घडी घातलेला कागद काढला. नसबंदीचा दाखला होता.

 आणीबाणीच्या त्या हिवाळ्यात सक्तीच्या नसबंदीची मोहीम जोरात होती. शाळेत आम्हा मास्तरणींनासुद्धा माणसं आणायला सांगत होते. सायकलवर दोन बाया, एकीला पांढरा कोट, दुसरीच्या हातात वही, कॅरिअरला डबा, आणि आमची बातमी घेऊन पुढे गेलेली एसटी. सकाळपासून आम्ही गावागावांतले पुरुष रानात पळवत होतो आणि लोकसंख्या मोजत होतो.

मी तिथल्या तिथे कोट काढला. भीमा ओलांडताना नदीवरचा वारा असा लागला की दात वाजून जीभ चावली. माचणूरच्या पुढे मी तो परत घातला. लाज वाटत होती, पण थंडी जास्त वाजत होती. म्हटलं, मावशीच्या वस्तीवर जायचंय, त्या काय आपल्याला ओळखणार नाहीत?

मावशींची वस्ती मंगळवेढ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच, तिन्ही बाजूंनी ज्वारी. पाच वाजत आले होते. मावशी अंगणात उभ्याच होत्या, उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात काठी. मी लग्नात त्यांना मुंडावळ्यांच्या आडून तेवढं पाहिलं होतं, त्यांनी मला तेवढंही नाही. मी सायकल टेकवून पाया पडायला वाकले. छातीवरचं वर्तमानपत्र करकरलं. मावशी दोन पावलं मागे सरल्या.

"पाया पडून काय उपेग न्हाय! मालक घरी न्हाईत."

"मावशी, आम्ही सोलापूरहून..."

"ठावं हाय की. कंडक्टरनं सांगितलंय. मालक विजापूरला गेल्यात, म्हैनाभर येत न्हाईत. आन त्यांचं वय साठ हाय. सत्तर हाय!"

मी टॉवेल सोडायला हात वर नेला तर त्यांनी हात जोडले. खरंच जोडले. "बाई, रागावू नगा. बसा. च्या घ्या. दूध घ्या." आणि आत पळाल्या. कुसुमने माझा दंड धरला. टोपीच्या आत ती हसत होती की रडत होती ते कळत नव्हतं. "वहिनी, दोन मिनिटं थांब. एवढी नरम मावशी मी जन्मात पाहिली नाही."

मी थांबायला नको होतं. थांबले.

गरम भाकरी आली, पिठलं आलं, वर लोण्याचा गोळा आला. आम्ही तोंडापुरता टॉवेल खाली करून पाठ फिरवून खाल्लं. सकाळपासूनची भूक होती आणि मावशींच्या हाताला चव होती, हे कबूल केलं पाहिजे. आम्ही खातो आहोत हे पाहून मावशींना जरा धीर आला आणि त्या बोलायला लागल्या.

"तुमचं बरं हाय. सरकारी कामासाठी सायकल चालवताय. माझ्या धाकट्या भनीची सून हाय सोलापुरात, ती उगंच चालवतीया. लाज न्हाय, शरम न्हाय."

मला ठसका लागला. कुसुमने पाठीवर थाप मारली.

"भन काय बोलणार तिला? ती सुंद्री पयल्यापासनं भित्री. मी डोळं वटारलं की गप. चाळीस वर्सं झाली, मला इचारल्याबिगर लुगडं घेत न्हाई. डोकंच न्हाई तिला, मीच हाय म्हून तिचा संसार चाललाय."

त्या हे अभिमानाने सांगत होत्या. मला इतका वेळ गंमत वाटत होती, ती एकदम संपली. आमच्या आत्याबाई दुकानात लुगड्याचा रंग निवडून परत ठेवायच्या आणि म्हणायच्या, आक्काला इचारून बघू. मी त्यांना मनातल्या मनात बावळट म्हणायची. त्या क्षणी मला माझीच चीड आली.

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात ज्वारीतून शिंक आली.

मावशी म्हणाल्या, "कुत्रं हाय."

परत शिंक आली. मग लागोपाठ तीन.

"पडसं झालंय कुत्र्याला," मावशी कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या. चौथ्या शिंकेनंतर कुत्र्याने "अग आई गं" म्हटलं.

कुसुमला राहवेना. तिने माकडटोपी उपटून फेकली. "मावशी, मी कुसुम! ही वहिनी! काकांना बाहेर बोलवा, मरतील ते थंडीने!"

मावशींनी पुढे होऊन तिचा चेहरा निरखला.  मग त्यांनी ज्वारीकडे तोंड करून हाक मारली, "अवो, या भाईर! घरचीच हायेत!" काका येईनात. त्यांना वाटलं, बायकोवर दबाव आणून वदवून घेताहेत. सकाळी एसटी गेली तेव्हापासून ते धोतर आणि बंडीवर ज्वारीत बसले होते. मी कोट हातात धरून, तुम्हाला पांघरायला आणलाय असं ओरडत शिवारात शिरले. पांढरा कोट दिसताच ते आणखी आत पळाले. ज्वारीची कणसं हलत हलत बांधापर्यंत गेली. शेवटी कुसुमने लहानपणी त्यांनी शिकवलेलं कानडी बडबडगीत जोरात म्हटलं, तेव्हा कुठे खात्री पटून ते आले, ओठ निळे, मिशीत पाचोळा. त्यांना तोच कोट घातला आणि चुलीपुढे बसवलं. चहा पिताना ते माझ्याकडे बघून म्हणाले, "ऊब लई हाय गं याला." तो माणूस मला फार आवडला.

दुसऱ्या दिवशी निघताना मावशींनी मला बाजूला घेतलं. "ह्ये सोलापुरात कळता कामा न्हाय. सुंद्रीला तर न्हाईच. मी बी तुझ्या सायकलला नावं ठेवणार न्हाय. सांग तिला, आक्का चांगलं म्हणली." मी शब्द दिला. त्यांनी कॅरिअरला शेंगांचं गाठोडं बांधलं, जरा जास्तच घट्ट.

परतीचा रस्ता समोरच्या वाऱ्याचा, त्यामुळे वेळ दीडपट धरा. मी कोट उलटा करून, आतली खाकी बाजू बाहेर काढून घातला. हे कालच सुचलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं. बेगमपूरला सायकलवाला दुकानात होता. त्याने आम्हाला ओळखलं नाही आणि आम्हीही काही बोललो नाही. रविवारी दिवेलागणीला घरी पोचलो. मांड्या अशा धरल्या होत्या की पायऱ्या चढताना दोघी एकमेकींना ढकलत होतो.

आत्याबाई दारातच होत्या. "काय म्हणली आक्का?"

"चांगलं म्हणाल्या. सून गुणी आहे म्हणाल्या. सायकल राहू द्या म्हणाल्या."

आत्याबाईंचा चेहरा उतरला. "आक्का? चांगलं म्हणली?" त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "चाळीस वर्सांत माझ्या हातच्या च्याला सुदीक चांगलं म्हणली न्हाय ती. खोटं बोलतीयास. तितं लई वंगाळ काय तरी झालंय. परवा मंगळवार हाय, घिऊन जा सायकल बाजारात."

मी मावशींना शब्द दिला होता. तो किती टिकला? पाणी पिऊन होईपर्यंत. मी सगळं सांगितलं, कोटापासून कुत्र्याच्या पडशापर्यंत. लुगड्याचं तेवढं वगळलं. कुसुम मधे मधे काकांची चाल करून दाखवत होती. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या ऐकत होत्या, आणि त्यांनी एवढंच विचारलं, "आक्का घाबरली व्हती?"

"खूप."

"हात जोडलं तिनं?"

"दोन्ही."

"कुणाफुडं?"

"माझ्यापुढं."

"म्हंजी माझ्या सुनंफुडं," त्या म्हणाल्या आणि उठून चहा टाकायला गेल्या. सायकलचं काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मंगळवारी सकाळी अंगणात सायकलची घंटी वाजली.  पोळी तव्यावर तशीच टाकून मी बाहेर धावले. सायकल ओट्याशी उभी होती. आत्याबाई ओल्या फडक्याने तिचं मडगार्ड पुसत होत्या आणि समोर शेजारपाजारच्या पाच-सहा जणी उभ्या होत्या. आत्याबाई त्यांना मंगळवेढ्याच्या काकांची शिंक काढून दाखवत होत्या. हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दीड वर्षात मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. मला पाहिल्यावर त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि माझा हात धरून मला पुढे ओढलं.

"हीच ती," त्या म्हणाल्या. "हिला बघून आमच्या आक्काचा मालक पळाला."